एका एकवीस अंकी संख्येचा इतिहास : विधान, सिद्धता आणि पडताळा

(१)

फ्रान्समधील मिनिम पंथाचा साधू मारिन मर्सेन (१५८८–१६४८) ह्याने १६४४ मध्ये ‘कोगिताता फिझिको-मॅथेमॅटिका’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत मूळ संख्यांविषयी एक विधान आले आहे. दोनाचा कोणता घात घेऊन त्यातून एक वजा केला असता मूळ संख्या मिळते, ह्या प्रश्नाच्या उत्तरादाखल त्याने २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असे अकरा घातांक दिले; २५७ पर्यंत ह्यांखेरीज अन्य घातांक नाही, असाही त्या विधानाचा आशय आहे. सोबत सिद्धता नाही. गणनपद्धतीचा निर्देशही नाही.

ह्या यादीतील नववा घातांक ६७ हा होय. दोनाच्या न-व्या घातातून एक वजा करून येणारी संख्या सोयीसाठी म(न) अशी लिहिली, तर

म(६७) = १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

ही संख्या एकवीस अंकी आहे. भास्कराचार्याने ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, ही संख्या परार्धाच्याही पुढे तीन घरे जाते. द्विमान पद्धतीत मात्र ती लिहिणे अगदी सोपे, कारण तेथे ती म्हणजे ओळीने मांडलेले सदुसष्ट एकच होत. लिहावयास इतकी सुलभ असलेली ही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरविण्यास २३२ वर्षे लागली. आणि संयुक्त ठरल्यावर तिचे अवयव सापडण्यास आणखी २७ वर्षे जावी लागली.

१६४४ मध्ये मर्सेनचे विधान आले, १८७६ मध्ये एदुआर ल्युका ह्यांनी ते खोटे ठरविले, आणि १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल ह्यांनी प्रत्यक्ष अवयव मांडले. एकाच संख्येविषयीचे हे तीन टप्पे सामान्यतः एका प्रगतीच्या तीन पायऱ्या म्हणून सांगितले जातात. वस्तुतः ती तीन भिन्न जातींची ज्ञाने आहेत. पहिल्याचा आधार वक्त्याचा अधिकार, दुसऱ्याचा आधार पद्धत, आणि तिसऱ्याचा आधार कोणासही करून पाहता येईल असा पडताळा. हा भेद नीट ध्यानी घेतला, म्हणजे कोल ह्यांच्याविषयी प्रचलित असलेली प्रसिद्ध आख्यायिका कोणत्या जातीत मोडते, हाही प्रश्न उपस्थित होतो.

(२)

ह्या प्रकारच्या संख्यांकडे गणितज्ञांचे लक्ष वेधले गेले ते परिपूर्ण संख्यांमुळे. जी संख्या स्वतःखेरीज आपल्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असते ती परिपूर्ण. ६, २८, ४९६ आणि ८१२८ ही तिची प्राचीनांस परिचित असलेली उदाहरणे. म(न) मूळ असेल, तर तिला दोनाच्या (न – १)-व्या घाताने गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या स्कंधातील छत्तिसाव्या प्रमेयात सिद्ध केले आहे. त्यामुळे नवी परिपूर्ण संख्या शोधणे म्हणजे म(न) ह्या प्रकारची नवी मूळ संख्या शोधणे, असे समीकरण रूढ झाले.

न संयुक्त असेल तर म(न)ही संयुक्त असते, हे सहज दाखविता येते. ह्याचा व्यत्यास मात्र खरा नाही. ११ मूळ असूनही म(११), म्हणजे २०४७, ही २३ × ८९ अशी फुटते, हे १५३६ मध्येच छापले गेले होते. इटलीतील पिएत्रो कातल्दी ह्याने १६०३ मध्ये म(१७) आणि म(१९) ह्या मूळ असल्याचे दाखविले. त्यासाठी त्याने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांचे कोष्टक तयार केले आणि वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिले. येथपर्यंत त्याचे काम निर्दोष आहे. परंतु पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ ह्या घातांकांविषयीही तोच दावा केला, आणि त्यांपैकी केवळ ३१ विषयीचा खरा ठरला. भागाकार संपले आणि अनुमान सुरू झाले त्या ठिकाणीच चूक शिरली.

कातल्दीची चूक पिएर द फेर्मा ह्याने १६४० मध्ये दाखवून दिली. न मूळ असताना म(न)चा प्रत्येक मूळ भाजक २न च्या पटीपेक्षा एकाने अधिक असतो, हे तत्त्व त्याने मर्सेनलाच पत्राने कळविले. ह्या तत्त्वाची शक्ती एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. म(३७) ही बारा अंकी संख्या. पण तिचे भाजक ७४क + १ ह्याच रूपाचे असावयाचे. क = १ घेतल्यास ७५, ती मूळ नाही; क = २ घेतल्यास १४९, तिने भाग जात नाही; क = ३ घेतल्यास २२३, आणि तिने भाग जातो. दोन भागाकारांत प्रश्न सुटला. पुढे लेओनार्ड ऑयलर ह्याने म(२९)चा भाजक २३३ शोधला आणि १७७२ मध्ये म(३१) म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही मूळ असल्याचे सिद्ध केले. त्याने भाजकांवर आणखी एक बंधन लावले होते: त्यांस ८ ने भागले असता १ किंवा ७ हीच बाकी उरली पाहिजे.

अशा रीतीने भाजकांचा शोध घेण्याची साधने सुधारत गेली. परंतु मर्सेनच्या यादीतील ६७ व त्यापुढील घातांक त्या साधनांच्या आवाक्यात आले नाहीत. मर्सेनला ह्याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. पंधरा किंवा वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यास सर्व काळही पुरणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्याने स्वतःच काढले आहेत. मग एकवीस, एकोणचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर अंकी संख्यांविषयी त्याने इतक्या निश्चयाने कसे लिहिले?

ह्याचे एक उत्तर त्या यादीच्या घडणीतच शोधता येते. दोनाच्या एखाद्या घाताहून एकाने कमी वा अधिक, अथवा चाराच्या एखाद्या घाताहून तिनाने कमी वा अधिक, अशा मूळ संख्या २५७ पर्यंत लिहून काढल्या तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ६७, १२७, २५७ अशी मालिका मिळते. ही मर्सेनचीच यादी आहे. फक्त ६१ अधिक आहे. म(६१) मूळ असल्याचे रशियातील धर्मोपदेशक इव्हान पेर्व्हुशिन ह्यांनी १८८३ मध्ये दाखविले, तेव्हा मर्सेनच्या ग्रंथात ६१ च्या जागी ६७ हा मुद्रणदोषाने पडला असावा, असा तर्क काहींनी केला. तो तर्क आकर्षक असला तरी अपुरा आहे. ८९ आणि १०७ ह्यांचे यादीत नसणे आणि २५७ चे असणे त्याने उलगडत नाही. उलट वरील नियम गृहीत धरला तर ६७ चे स्थान स्वाभाविक ठरते आणि ६१ गळणे हाच दोष उरतो. मर्सेनच्या मनात असा नियम होता हे सिद्ध करणारा लेख नाही; परंतु यादीची सर्व लक्षणे गणनेपेक्षा नियमाकडे बोट दाखवितात, एवढे म्हणता येते.

(३)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले, आणि त्याचे श्रेय एदुआर ल्युका (१८४२–१८९१) ह्यांच्याकडे जाते. तोपर्यंत मूळता ठरविणे म्हणजे भाजक शोधणे आणि न सापडल्यास संख्या मूळ म्हणणे, एवढाच मार्ग होता. ल्युका ह्यांनी भाजकांचा विचार बाजूस ठेवला आणि संख्येलाच तिच्या स्वरूपाविषयी विचारले.

त्यांच्या कसोटीचे एक रूप पुढीलप्रमाणे आहे. मूळ घातांक न ह्यास ४ ने भागले असता ३ बाकी उरत असेल, तर ३ ह्या संख्येपासून आरंभ करावा. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे. उत्तरास म(न)ने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग करून २ वजा करावे, असे न – २ वेळा करावे. शेवटी शून्य बाकी आली तर म(न) मूळ, अन्यथा संयुक्त. न = ७ घेतल्यास म(७) = १२७, आणि क्रमाने ३, ७, ४७, ४८, १६, ० अशा बाक्या येतात. म्हणून १२७ मूळ आहे. येथे एकाही भाजकाने भागून पाहावे लागले नाही. ल्युका ह्यांच्या मूळ सिद्धतांत काही उणिवा होत्या. त्या डेरिक हेन्री लेमर ह्यांनी १९३० च्या सुमारास दूर केल्या आणि कसोटीस सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडेल असे रूप दिले.

१८७६ मध्ये ल्युका ह्यांनी अशा प्रकारच्या कसोटीने दोन निष्कर्ष जाहीर केले: म(१२७) ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे, आणि म(६७) संयुक्त आहे. पहिल्या निष्कर्षाने मर्सेनची यादी एके ठिकाणी खरी ठरली, दुसऱ्याने दुसऱ्या ठिकाणी खोटी ठरली. म(१२७) ही १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली.

हे दोन निष्कर्ष एकाच पद्धतीने काढलेले आहेत. तरीही त्यांचे बळ सारखे नाही, आणि हीच गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. कसोटीच्या अखेरीस शून्य आले तर ते उत्तर आपली साक्ष आपणच देते. मध्येच एखादा अंक चुकला असता, तर एकवीस वा एकोणचाळीस अंकी बाक्यांतून नेमके शून्यच येण्याचा संभव नगण्य आहे. उलट शून्य आले नाही तर त्याची दोन कारणे असू शकतात: एक, संख्या खरोखरच संयुक्त आहे; दोन, गणनेत कोठेतरी चूक झाली आहे. म(६७)साठी एकवीस अंकी संख्यांचे पासष्ट वर्ग करावे लागतात आणि प्रत्येकाची बाकी काढावी लागते. त्यांत हातचा एखादा एक जरी विसरला, तरी पुढील सर्व बाक्या बदलतात आणि शेवटी शून्येतर संख्याच हाती येते. बरोबर उत्तर आणि चुकलेले उत्तर ह्यांत वाचकाला दिसेल असा कोणताही फरक उरत नाही.

तात्पर्य, म(६७) संयुक्त आहे हे सिद्ध करणारे तर्कशास्त्र निर्दोष असले, तरी त्या सिद्धतेवर विश्वास ठेवणे म्हणजे गणन करणाऱ्याच्या काटेकोरपणावर विश्वास ठेवणे होते. हाच प्रसंग पुढे म(२५७)विषयीही उद्भवला. ती संयुक्त असल्याचा निष्कर्ष लेमर ह्यांनी १९२७ मध्ये दीर्घ गणनेनंतर काढला. पण त्यास स्वतंत्र दुजोरा मिळाला तो जानेवारी १९५२ मध्ये, जेव्हा राफाएल रॉबिन्सन ह्यांनी लॉस एंजेलिस येथील ‘स्वॅक’ ह्या संगणकयंत्रावर तीच कसोटी पुन्हा चालविली.

(४)

म(६७)चे अवयव शोधणारे फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) हे संख्याशास्त्राचे विशेषज्ञ नव्हते. हार्वर्ड येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी लाइपझिग येथे फेलिक्स क्लाइन ह्यांच्याजवळ अध्ययन केले. त्यांचे प्रमुख कार्य समूहसिद्धांतातील. ५०४ कोटीचा साधा समूह त्यांनी १८९३ मध्ये दाखवून दिला. १८९५ पासून ते कोलंबिया विद्यापीठात होते आणि १८९६ ते १९२० ह्या काळात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीस होते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी सोसायटीच्या सभेत त्यांनी मोठ्या संख्यांच्या अवयवांविषयी निबंध सादर केला. तो सोसायटीच्या नियतकालिकाच्या दहाव्या खंडात चार पानांत छापला गेला. त्यातील निष्कर्ष असा:

म(६७) = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

हे अवयव शोधणे किती कठीण होते, हे काही अंदाजांवरून समजेल. म(६७)चे वर्गमूळ सुमारे १,२१५ कोटी आहे. तेथपर्यंतच्या मूळ संख्या पन्नास कोटींहून अधिक भरतात. फेर्माच्या तत्त्वाने भाजक १३४क + १ ह्या रूपाचा असावा लागतो, आणि ८ ने भागल्यास १ वा ७ बाकी उरावी हे दुसरे बंधन आहेच. दोन्ही लावल्यावर सुमारे चाळीस लाख मूळ संख्या शिल्लक राहतात. प्रत्यक्षात लहान अवयव १९ कोटींच्या घरात असल्यामुळे क्रमाने भागत गेल्यास तेथवर पोहोचण्यास सुमारे ऐंशी हजार भागाकार पुरले असते. पण कोणती संख्या मूळ हे आधी ठाऊक असले तरच हा आकडा लागू पडतो. १९०३ मध्ये छापील भाजक-कोष्टके नव्वद लाखांपर्यंतच होती. त्यापुढे मूळ आणि संयुक्त असे दोन्ही उमेदवार भागून पाहावयाचे, तर त्यांची संख्या सात लाखांच्या वर जाते.

दुसरा जुना मार्ग वर्गांतराचा. दिलेली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली, तर तिचे अवयव आपोआप मिळतात. नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त (१३५६) ही रीत भाजक काढण्यासाठी दिली आहे, आणि फेर्मानेही १६४३ च्या सुमारास एका पत्रात २,०२,७६,५१,२८१ चे ४४,०२१ व ४६,०६१ असे अवयव ह्याच रीतीने काढून दाखविले आहेत. तेथे दोन्ही अवयव जवळजवळ सारखे असल्यामुळे बारा पायऱ्यांत काम भागले. म(६७)च्या अवयवांपैकी एक दुसऱ्याच्या जवळजवळ चार हजार पट आहे. तेथे ह्याच रीतीने एकेक पायरी चढत गेल्यास छत्तीस हजार कोटींहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतील.

कोल ह्यांनी ज्या साधनाचा आश्रय केला ते वर्गशेषांचे. एखादी संख्या अ ही म(६७)च्या संदर्भात वर्गशेष आहे, म्हणजे एखाद्या पूर्ण वर्गास म(६७)ने भागले असता अ बाकी उरते, असे कळले, तर म(६७)च्या प्रत्येक मूळ भाजकाच्या संदर्भातही अ वर्गशेषच असते. परंतु कोणतीही ठरावीक अ ही साधारणतः निम्म्याच मूळ संख्यांच्या संदर्भात वर्गशेष असते. म्हणून अशी प्रत्येक नवी, स्वतंत्र अ हाती आली की उमेदवारांची संख्या निम्म्यावर येते. ८ ने भागण्याविषयीचे बंधन हे ह्याचेच सर्वांत सोपे उदाहरण आहे: दोनाचा ६८ वा घात हा पूर्ण वर्ग असून त्यास म(६७)ने भागले असता २ बाकी उरते, म्हणून २ ही वर्गशेष आहे, आणि भाजकांचे निम्मे वर्ग त्यामुळे गळतात. असे आणखी दहा वर्गशेष मिळाले तर ऐंशी हजारांचे ऐंशीच्या आसपास उरतात. अशा लहान अ मिळविण्यासाठी म(६७)च्या पटींच्या वर्गमुळाजवळील पूर्णांकांचे वर्ग घ्यावयाचे, वजाबाकी करावयाची, आणि ज्या बाक्या लहान लहान अवयवांत फुटतात त्या एकमेकींशी गुणून नको असलेले अवयव जोडीने नाहीसे करावयाचे. ह्या कामात प्रतिभेपेक्षा चिकाटीची गरज अधिक असते. तरी कोणत्या बाक्या जोडाव्यात हे ओळखणारी नजर नसेल तर चिकाटीही वाया जाते.

अवयव मिळाल्यावर ते स्वतः मूळ आहेत काय, हा प्रश्न उरतो. त्यांचे भाजक हे म(६७)चेही भाजक असल्यामुळे वरील दोन्ही बंधने त्यांनाही लागू पडतात. लहान अवयवाचे वर्गमूळ चौदा हजारांच्या आत आहे. त्यासाठी डझनभर भागाकार पुरतात. मोठ्याचे वर्गमूळ पावणेनऊ लाखांच्या आत आहे. तेथे पाचशेच्या आसपास भागाकार लागतात. दोन्ही संख्या मूळ आहेत. त्यांतून एक वजा करून १३४ ने भागले असता अनुक्रमे १४,४५,५८० आणि ५,६८,५३,६०,१२९ हे पूर्णांक येतात. फेर्माचे तत्त्व येथे तंतोतंत उतरलेले दिसते.

(५)

कोल ह्यांचे नाव गणिताबाहेरील वाचकांस ठाऊक झाले ते ह्या चार पानांमुळे नव्हे, तर एका आख्यायिकेमुळे. सभेत आपली पाळी येताच कोल फळ्याजवळ गेले. एकही शब्द न बोलता त्यांनी एका बाजूस दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस दोन संख्यांचा गुणाकार हातांनी पूर्ण केला. दोन्ही उत्तरे जुळली. कोल तसेच निःशब्द जागेवर येऊन बसले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधण्यास किती काळ लागला असे पुढे विचारले असता, तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर त्यांनी दिले म्हणतात.

ही कथा एरिक टेंपल बेल ह्यांच्या १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकप्रिय ग्रंथातून सर्वत्र पसरली. बेल १९०३ मध्ये स्टॅनफर्ड येथे विद्यार्थी होते. कोलंबिया विद्यापीठाची पदवी त्यांनी १९१२ मध्ये घेतली. कोल ह्यांना आपण १९११ मध्ये प्रश्न विचारला, असे ते सांगतात. म्हणजे रविवारांचे उत्तर बेल ह्यांनी स्वतः ऐकलेले, पण चाळीस वर्षांनंतर लिहिलेले आहे. आणि सभेचे वर्णन हे तेथे हजर नसलेल्या माणसाने जवळजवळ अर्ध्या शतकानंतर केलेले आहे. गणितज्ञांची चरित्रे रंगवून सांगण्याकडे बेल ह्यांचा कल होता, हे त्यांच्या गाल्वाविषयक लेखनाच्या चिकित्सेतून १९८० नंतर स्पष्ट झालेले आहे.

ह्यावरून कथा खोटी ठरत नाही. तिच्यातील एका तपशिलाची परीक्षा तर करता येण्याजोगी आहे. तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारे १५६ दिवस. क्रमवार भागाकाराची रीत स्वीकारली असती, तर सर्व मूळ संख्या आधीच ठाऊक होत्या असे मानूनही दर रविवारी पाचशेहून अधिक भागाकार करावे लागले असते. एकेका भागाकारास पाच मिनिटे धरली तरी रविवार बेचाळीस तासांचा असावा लागेल. वर्गशेषांच्या रीतीने मात्र हे काम तेवढ्या दिवसांत उरकणे शक्य कोटीतील आहे. छापील निबंधात सांगितलेली पद्धत आणि कथेत सांगितलेला काळ ह्यांत विसंगती नाही, एवढे ह्यातून निष्पन्न होते. निःशब्दता आणि टाळ्या ह्यांची गोष्ट निराळी. त्यांस तपासून पाहण्याचे साधन अंकगणितात नाही.

म्हणजे ज्या संख्येने एका प्रतिष्ठित विधानाचा फोलपणा उघड केला, तिच्याच इतिहासात तशाच जातीचे दुसरे विधान रुजले. मर्सेनची यादी त्याच्या नावाच्या वजनावर दोनशे वर्षे उतरवून घेतली गेली. कोल ह्यांची कथा बेल ह्यांच्या लेखणीच्या गोडव्यावर तितक्याच सहजतेने पाठ्यपुस्तकांत उतरली. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारावयास हवा: हे सांगणाऱ्याला हे कसे कळले?

(६)

मर्सेनच्या यादीचा पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगता येतो. राल्फ पॉवर्स ह्यांनी १९११ मध्ये म(८९) आणि १९१४ मध्ये म(१०७) मूळ असल्याचे दाखविले. अशा रीतीने यादीतील ६७ व २५७ हे दोन घातांक चुकीचे, आणि ६१, ८९ व १०७ हे तीन गळलेले ठरले. म(२५७)चा पहिला भाजक हाती आला तो १९७९ मध्ये, म्हणजे ती संयुक्त असल्याच्या लेमर ह्यांच्या निष्कर्षानंतर अर्धशतकाने. म(६७)च्या बाबतीत दिसलेले अंतर येथे अधिकच वाढलेले दिसते.

हे अंतर आकस्मिक नव्हते, हे पुढील काळाने दाखविले. लहान वर्गशेष जमवून त्यांचे गुणाकार करण्याची कल्पना मॉरिस क्राइचिक ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात पद्धतशीर केली. १९७० मध्ये मायकेल मॉरिसन आणि जॉन ब्रिलहार्ट ह्यांनी तिच्या साह्याने एकोणचाळीस अंकी सातव्या फेर्मा संख्येचे अवयव संगणकावर काढले. १९८१ मध्ये कार्ल पोमेरन्स ह्यांनी तिला वर्गचाळणीचे रूप दिले. आज म(६७)चे अवयव साधा संगणक क्षणार्धात देतो. तरीही संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणे आणि तिचे अवयव काढणे ह्यांतील दरी कायम आहे. पहिल्या प्रश्नासाठी सर्व संख्यांना लागू पडणारी, शीघ्र आणि निरपवाद कसोटी कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्यांनी २००२ मध्ये दिली. दुसऱ्या प्रश्नासाठी नेहमीच्या संगणकावर चालेल अशी तत्सम रीत ज्ञात नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्यांनी मांडलेली गुप्तलेखनाची पद्धत ह्याच अडचणीवर उभारलेली आहे. मुद्दाम आव्हान म्हणून दिलेल्या अशा एका अडीचशे अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये काढण्यात आले, तेव्हा अनेक संगणकांचा दीर्घ काळ त्यासाठी खर्ची पडला.

१९२० मध्ये कोल चिटणीसपदावरून निवृत्त झाले, तेव्हा सभासदांनी त्यांस काही रक्कम अर्पण केली. ती त्यांनी सोसायटीलाच दिली, आणि तिच्यातून त्यांच्या नावाचे पारितोषिक उभे राहिले. त्यांच्या रविवारांची मोजणी करण्याचे साधन आज कोणापाशी नाही. त्यांच्या दोन अवयवांचा गुणाकार मात्र कोणाही विद्यार्थ्यास कागदाच्या एका पानावर करून पाहता येतो, आणि त्यासाठी मर्सेनवर, ल्युका ह्यांच्यावर, बेल ह्यांच्यावर, किंबहुना स्वतः कोल ह्यांच्यावरही विश्वास ठेवावा लागत नाही.